साधन वाढविले, समाधान का वाढत नाही?

वाचकांची पत्रे आमच्याकडे पुष्कळ येतात. कोणी एकादशी दोन दिवस आली तर कोणती धरावी ते विचारतात, कोणी दिंडीत विणेकऱ्याने कोठे चालावे ते विचारतात. असल्या पत्रांची उत्तरे सोपी असतात. पण आषाढीनंतर मराठवाड्यातून एका माळकरी गृहस्थांचे पत्र आले, ते हाती धरून आम्ही दोन दिवस नुसते बसून राहिलो. नावगाव वगळून त्यातील मजकूर वाचकांपुढे ठेवण्याची त्यांनी परवानगी दिली आहे. तो थोडक्यात असा.

त्यांनी माळ घातली त्यास अठरा वर्षे झाली. महिन्याची शुद्ध एकादशी पंढरपुरास, आषाढी-कार्तिकी कधी चुकली नाही. सहा वर्षांमागे धाकट्या भावाशी शेताच्या बांधावरून वाकडे आले आणि बोलणे बंद झाले. त्यांनी पांडुरंगापुढे गाऱ्हाणे घातले की देवा, भावाला सुबुद्धी दे. वर्ष गेले, भावाला सुबुद्धी काही आली नाही. मग रोजची एक माळ होती तिच्या पाच केल्या. पुढल्या वर्षी अकरा. मग ज्ञानेश्वरीचे पारायण धरले, मग वर्षातून दोन. दरम्यान दावा लागला, तो हरले. वरच्या कोर्टात अपील केले. आता शेवटच्या ओळी त्यांच्याच शब्दांत देतो: “सध्या एकवीस माळा चालू आहेत. पण मन पहिल्यापेक्षा जास्त जळते. भावाचे घर दिसले तरी छातीत कळ येते. बुवा, याहून मोठे साधन कोणते ते सांगा. नाहीतर ही गळ्यातली माळ पुढच्या एकादशीला चंद्रभागेत सोडावी म्हणतो.”

गृहस्थांना आम्ही खाजगी उत्तर पाठविले. पण हा प्रश्न एकट्या त्यांचा नाही. थोड्याफार फरकाने तो आम्हा सर्वांचा आहे, म्हणून येथे जरा विस्ताराने विचार करावयाचा.

प्रश्नातील गाठ “याहून मोठे” या शब्दांत आहे. एका माळेने झाले नाही म्हणून पाच, पाचाने नाही म्हणून अकरा, अकराने नाही म्हणून एकवीस. गुण आला नाही की मात्रा वाढवावयाची, हा एकच विचार सहा वर्षे चालला आहे. औषधच या दुखण्याचे आहे की नाही, की औषध बरोबर आहे पण पथ्य मोडते आहे, हे विचारावेसे त्यांना वाटले नाही. आणि त्यांना तरी काय नावे ठेवावीत? शेतकरी विहीर खणतो, चाळीस हात गेला तरी ओल लागत नाही, तेव्हा तो काय करतो? जागा बदलतो का? नाही. चाळीस हातांचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो आणि तो म्हणतो, आणखी दहा हात. ते दहा झाले म्हणजे पन्नासांचा खर्च उभा राहतो. पाणी न लागणे हेच आणखी खणण्याचे कारण होऊन बसते. शेजारचा जाणता म्हातारा धुऱ्यावर उभा राहून सांगत असतो की बाबा, येथे खाली सलग काळा पाषाण आहे, ओढ्याच्या अंगाला सरक. पण त्याचे ऐकावे तर आजवरचे श्रम फुकट गेले असे स्वतःच्या तोंडाने म्हणावे लागते. ते म्हणवत नाही.

येथे कोणी म्हणेल की मग वाढविणे हे नेहमीच वाईट काय? तसे नाही. माऊलींची पालखी पुण्याहून सासवडास जाताना दिवेघाट लागतो. तो ज्यांनी चालला आहे त्यांनी पाहिलेच आहे की घाटात रथाला बैलांच्या जादा जोड्या लावतात. तेथे बैल वाढविलेच पाहिजेत, कारण वाट बरोबर आहे, चाक फिरते आहे, चढ तेवढा जास्त आहे. पण हीच गाडी सपाटीवर एखाद्या दगडाला अडली तर? तेथे चार जोड्या जुंपा नाहीतर आठ जुंपा. बैलांच्या पाठी सोलून निघतील, जू मोडेल, गाडी काही हलावयाची नाही. एक माणूस खाली वाकून चाकापुढचा दगड काढील तर एका जोडीने गाडी निघते. आपल्या साधनाला चढ लागला आहे की चाकापुढे दगड आहे, हे ओळखणे हाच सारा प्रश्न होय. आणि ते गाडीवर बसून कळत नाही. खाली उतरून वाकावे लागते.

आता हे न ओळखल्याने किती काळ फुकट जातो याचे सर्वात मोठे उदाहरण आपल्या सांप्रदायातच आहे. ते म्हणजे चांगदेव. गोष्ट सर्वांना पाठ आहे, कीर्तनात शेकडो वेळा ऐकली आहे. पण आम्हास वाटते की आपण ती वाघ, सर्प आणि भिंत यांच्या गमतीने ऐकतो आणि तिच्यातील दुखणे ऐकावयाचे राहून जाते.

चांगदेवांनी योगबळाने चौदाशे वर्षे आयुष्य काढले असे सांगतात. काळ दाराशी आला की प्राण वर चढवून बसावयाचे, काळ परत गेला की खाली उतरावयाचे. शंभर वर्षांनी काळ पुन्हा येई, पुन्हा तीच युक्ती. असे चौदा वेळा. आम्ही म्हणतो, पहिल्या शंभर वर्षांत जे मिळाले नाही ते पुढल्या शंभरांत त्याच वाटेने मिळेल असे त्यांना कशावरून वाटले? काळाला चुकविणे साधले होते, यात शंका नाही. पण काळाला चुकविणे आणि काळाचे भय जाणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधत गेली म्हणून दुसरीही साधेल असे धरून चालले. अर्धवट साधणारे साधन हे अगदीच न साधणाऱ्या साधनापेक्षा जास्त फसवते, बरं का. ते अगदीच फसले असते तर शंभर वर्षांतच माणूस जागा झाला असता.

पुढे ज्ञानदेवांची कीर्ती कानी आली तेव्हा पत्र लिहावयास बसले. मायना काय घालावा? आपण वयाने थोर म्हणून आशीर्वाद लिहावा, तर तो मुलगा ज्ञानाने थोर. नमस्कार लिहावा, तर तो वयाने पोर. शेवटी कागद कोराच पाठविला. चौदाशे वर्षे घालवून हा अजून कोराच राहिला, असे तो कागद पाहून मुक्ताबाई म्हणाली ही कथा प्रसिद्ध आहे. ज्ञानदेवांनी त्या कोऱ्या पत्राचे उत्तर लिहिले, तीच पासष्ट ओव्यांची चांगदेव पासष्टी.

आता येथे नीट लक्ष द्यावे. उत्तर आले, पण त्याचा अर्थ चांगदेवांना लागला नाही. ज्याला अर्थ लागत नाही त्याने काय करावे? तसेच उठून जावे आणि म्हणावे, बाबांनो, मला कळत नाही, सांगा. चांगदेव गेले खरे. पण कसे गेले? वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन, भोवती शिष्यांचा मोठा मेळा घेऊन. कोरा कागद हे त्यांच्या साधनाचे अपयश होते. ते अपयश पदरात पडल्यावर त्यांनी पदरात असलेलेच साधन आणखी मोठे करून आळंदीस आणले. सिद्धीने जे कळले नाही ते जास्त सिद्धी दाखवून कळेल, असा तो हिशेब. आमचे पत्रलेखक गृहस्थ अकराच्या एकवीस माळा करतात तेव्हा तेही, रागावू नयेत, पण एक वाघ घेऊनच देवाच्या भेटीस निघालेले असतात.

आणि समोर काय आले? एक भिंत. चौघे भावंडे तिच्यावर बसली होती आणि ती चालत आली. ती भिंत आजही आळंदीत दाखवितात. चांगदेवांची सत्ता सजीवांवर चाले. येथे निर्जीव चालले. वाघाच्या बदल्यात आणखी मोठा वाघ आला असता तर चांगदेवांनी त्याहून मोठा आणण्याची खटपट केली असती आणि ती चढाओढ आणखी चौदाशे वर्षे चालली असती. पण भिंतीशी चढाओढ कशी करावयाची? त्यांच्या सगळ्या पुंजीत तिला उत्तरच नव्हते. तेव्हा ते वाघावरून खाली उतरले. गोष्टीत चमत्कार भिंतीचा सांगतात. आम्हास विचाराल तर चमत्कार हा उतरण्याचा आहे. चौदाशे वर्षांचा म्हातारा उतरला आणि ज्या मुलीने त्याला कोरा म्हटले तिलाच त्याने गुरू केले. पुणतांब्यास गोदावरीच्या काठी त्यांची समाधी आहे. तेथे जो कोणी दर्शनास जाईल त्याने चौदाशे वर्षांचे कौतुक करावे, करू नये असे नाही. पण खरे आयुष्य आळंदीच्या त्या दिवसापासून मोजावे.

कोणी म्हणेल, चांगदेव हठयोगी. त्यांची वाटच आपली नव्हे. आपण नामधारक, आपल्याला ही गोष्ट कशी लागू? तर आता नामदेवरायांकडे पाहा. त्यांच्याइतके नाम कोणी घेतले? त्यांच्याइतका देव कोणाशी बोलला?

धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेथे त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने कोपऱ्यातले थापटणे पाहून हे काय म्हणून विचारले. काका म्हणाले, याने मडके पक्के की कच्चे ते कळते. मग आम्हालाही पाहा, असे ती म्हणाली. काका एकेकाच्या डोक्यावर थापटी मारीत चालले. कोणी हलले नाही. नामदेवांच्या डोक्यावर बसली तसे ते रागावले, आणि काकांनी निवाडा दिला की हे मडके कच्चे आहे.

नामदेव तडक पंढरीस आले आणि विठ्ठलापुढे रडले. येथवर त्यांचे वागणे अगदी तुमच्या-आमच्यासारखे आहे. ज्या दारी नेहमी जातो त्याच दारी जाऊन जास्त मोठ्याने रडावयाचे. देवाला आवडता भक्त तो, देवाने जवळ घेऊन म्हणावयास हवे होते की त्या कुंभाराला काय कळते, तू आणखी चार कीर्तने कर. पण देव तसे म्हणाला नाही. देवाने त्यांना विसोबा खेचरांकडे पाठविले. म्हणजे काय झाले ते पाहा. स्वतः देवानेच सांगितले की माझ्यापुढे आणखी बसून तुझे कच्चेपण जाणार नाही. हे ऐकून नामदेवांना काय वाटले असेल! ज्याच्यासाठी सगळे सोडले तोच म्हणतो, येथून जा.

नामदेव गेले. हिंगोली जिल्ह्यातील औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवांना संताप आला. पाय काढा म्हणाले. विसोबा म्हणाले, म्हातारपणामुळे उचलवत नाहीत. जेथे देव नसेल तेथे तूच उचलून ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तेथे पिंड. जेथे ठेवतील तेथे पिंड. चाकापुढचा दगड तो हा होता. देव एका विटेवर आहे, त्या विटेपाशी मी आहे, म्हणून मी देवाचा, ही समजूत. तिच्यावर कितीही कीर्तन रचले तरी ते त्या समजुतीलाच पक्के करीत होते, मडक्याला नव्हे.

आणि ज्या विसोबांनी हा दगड काढला त्यांचे पूर्वचरित्र काय होते? आळंदीत या भावंडांना छळण्यात ते पुढे. मांडे भाजावयास मुक्ताबाईला खापर हवे होते, तर कुंभारांनी तिला ते देऊ नये असा त्यांनी बंदोबस्त केला. ज्ञानदेवांनी जठराग्नी पेटवून पाठ तापविली, तिने पाठीवर मांडे भाजले. विसोबा हे चोरून पाहत होते. छळाचे एक साधन फुकट गेले, आता दुसरे काढावे, असे त्यांना म्हणता आले असते. द्वेषातही माणूस मात्रा वाढवीतच जातो. पण ते आत शिरले आणि त्या पोरांच्या पानातले उष्टे त्यांनी तोंडात घातले. मुक्ताबाईने खेचर म्हणून दूर सारले, तेच नाव त्यांनी जन्मभर मिरविले असे सांगतात. स्वतः वळलेला होता म्हणूनच तो नामदेवांना वळवू शकला, असे आम्हास वाटते.

पण नामदेवांनी पुढे कीर्तन सोडले का? मुळीच नाही. तेच कीर्तन पुढे ते पंजाबापर्यंत घेऊन गेले, घुमानला राहिले, आणि त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहेत. पंढरीच्या विटेपाशी थांबलेले नाम उत्तरेत पोचले. साधन तेच, टाळ तोच, दगड तेवढा निघाला होता. म्हणून माळ चंद्रभागेत सोडू म्हणणाऱ्यांना आम्ही सांगतो की थांबा. आंधळेपणाने वाढविणे आणि रागाने टाकून देणे ही एकाच माणसाची दोन कामे आहेत. दोन्हींत खाली वाकून पाहावे लागत नाही.

येथे काही जुने वारकरी आमच्यावर रुष्ट होतील. म्हणतील, संतांनी निष्ठा सांगितली, नेम सांगितला, आणि तुम्ही लोकांच्या मनात शंका भरता! प्राण गेला तरी नेम सोडू नये हे आम्हीही मानतो. पण निष्ठा देवावर ठेवावयाची असते, आपल्या हिशेबावर नव्हे. याला उदाहरण नाथमहाराजांचे आहे. देवगडावर जनार्दनस्वामींच्या पदरी असताना हिशेबात एका पैची चूक लागेना, म्हणून ते रात्रभर दिवा लावून बसले. यापेक्षा चिकाटी ती कोणती? पण ती चिकाटी कशी होती? चुकीचीच बेरीज शंभर वेळा मोठ्या अक्षरात लिहून काढली असती तर पै सापडली असती का? त्यांनी एकेक रक्कम तपासली. चूक माझ्याच वहीत आहे, असे धरून ते बसले होते. पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजविली. चूक सापडल्याचा आनंद! आपल्याला चूक कोणी दाखविली तर आपण तीन दिवस जेवत नाही. जनार्दनस्वामींनी त्या टाळीवरून शिष्य ओळखला, आणि हेच लक्ष देवाकडे लाव म्हणाले.

भजनातही हेच आहे. मृदंग उतरला असेल तर थाप जोरात मारून तो चढत नाही. उलट जितकी जोरात माराल तितके बेसूर दूरवर ऐकू जाते. जाणता मृदंगी काय करतो? हात थांबवितो. हातोडी घेऊन गट्टे ठोकतो, डाव्या अंगाची कणीक वाळली आहे का ते पाहतो, पाण्याचा हात लावतो. मग बोटाने हळूच वाजवून कान लावतो. तेवढा वेळ टाळकरी ताटकळतात, श्रोते माना वळवितात, बुवांना अवघड होते. हे अवघडलेपण नको म्हणून कित्येक ठिकाणी उतरलेल्या मृदंगावरच सारी रात्र काढतात. आम्ही पाहिले आहे.

माळा, पारायणे, वाऱ्या मोजता येतात हे या रोगाचे आणखी एक मूळ आहे. मणी मोजता येतो, राग किती उणा झाला ते मोजता येत नाही. म्हणून आपण मोजता येईल ते वाढवितो आणि काहीतरी केल्याचे समाधान मानतो. आता दुसऱ्याचे किती सांगावे? आमचेच सांगतो. तरुणपणी आम्ही ज्ञानेश्वरीचे सप्ताह-पारायण करीत असू. मन शांत होत नाही असे वाटले, तेव्हा तीन दिवसांचे पारायण धरले. सुमारे नऊ हजार ओव्या, म्हणजे दिवसाला तीन हजार. ओठ चालत होते, डोळे चालत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेरावा अध्याय चालू होता. आत आई तापाने पडली होती. तिने पाणी मागितले. एकदा मागितले, दोनदा मागितले. तिसऱ्या वेळी आम्ही पोथीवर हात ठेवून तिच्यावर ओरडलो की पारायण चालले आहे हे दिसत नाही का? पुन्हा पोथीत पाहिले तो समोर अहिंसेचे वर्णन होते. पाऊल टाकतानाही एखादा जीव दुखावेल म्हणून जो जपतो, त्याचे. आम्ही ते वर्णन मोठ्याने वाचीत होतो. आईने मग पाणी मागितले नाही. पारायण तिसऱ्या दिवशी वेळेवर पुरे झाले. शेजाऱ्यांनी वाखाणणी केली. आई पुढे बरी झाली, त्या गोष्टीबद्दल ती कधी बोललीही नाही. पण तेरावा अध्याय काढला की आजही पहिल्याने तिची हाक ऐकू येते.

म्हणून त्या गृहस्थांना आम्ही जे लिहिले ते वडीलकीच्या तोऱ्यात लिहिले नाही. लिहिले ते असे.

“आपण पाच पारायणे केली आहेत, तेव्हा तेरावा अध्याय पाच वेळा आपल्या मुखातून गेला. त्याच्या आरंभीच माऊलींनी एक वाद मांडला आहे, हे क्षेत्र म्हणजे शेत कोणाचे? जीववादी म्हणतात जीवाचे, प्रकृतिवादी म्हणतात प्रकृतीचे, काळवादी म्हणतात काळाचे. प्रत्येकजण आपला हक्क सांगतो आणि भांडण तुटत नाही. शरीराच्या शेताबद्दलचा तो वाद वाचताना आपल्या बांधाची आठवण झाली नाही काय? झाली असेल तर ती ओवी आपल्यासाठी होती. न झाली असेल तर पारायण सहावे करू नका, पाचव्यातलाच तो एक अध्याय महिनाभर पुरवा.

एकवीस माळा करता, त्या भावाला सुबुद्धी यावी म्हणून करता. सहा वर्षे देवाकडे दुसऱ्याचे मडके नेऊन ठेवता आणि म्हणता, हे भाजून दे. गोरोबाकाका आपल्या डोक्यावर थापटी मारतील तर आवाज कसा येईल, एवढे एकदा पाहावे. भाऊ चुकला नसेल असे आम्ही म्हणत नाही. बांध त्यानेच रेटला असेल. कोर्टाचे काम कोर्टात चालू द्या. हक्क सोडा असे सांगण्याचा आम्हास अधिकार नाही. पण कोर्टात बांध मिळाला तरी छातीतली कळ त्या बांधाबरोबर जाईल असे धरू नका.

आपण अठरा वर्षे वारी करता. वाळवंटात भेटेल त्या वारकऱ्याच्या पाया पडता. तो कोण, कोठला, त्याने कोणाचा बांध रेटला, काही विचारीत नाही. तोही आपल्या पाया पडतो. हे आपल्याला येते. अठरा वर्षांची सवय आहे. मग आपल्या घरापासून भावाच्या घरापर्यंत अंतर किती आहे ते कळवावे. सहा वर्षांत इतकी साधने वाढविली, पण पत्रात कोठेही ‘मी त्याच्या दारी गेलो’ असे वाक्य आम्हास सापडले नाही. ते राहून गेले असेल तर कळवावे. गेलाच नसाल तर माळ एकच करा, आणि उरलेल्या वीस माळांचा वेळ तिकडे जाऊन या. त्याने दार लावून घेतले तर परत या. काही मागू नका, बांधाचा विषय काढू नका. आणि गळ्यातली माळ काढू नका. ती घालूनच जा.”

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वी त्यांचे दुसरे पत्र आले. अंतर शंभर पावले आहे, असे त्यांनी प्रथम लिहिले आहे. दशमीच्या संध्याकाळी ते गेले. दोनदा अर्ध्यातून परतले, तिसऱ्यांदा पोचले. भाऊ घरी नव्हता, रानात पाणी धरावयास गेला होता. भावजय दारातच थबकली, काही बोलली नाही. मग आत गेली आणि पाण्याचा तांब्या आणून ओट्यावर ठेवला. ते ओट्यावर बसून पाणी प्यायले. बोलणे बंद झाले तेव्हा पुतण्या दोन वर्षांचा होता, आता आठांचा आहे. हे कोण म्हणून तो आईला विचारीत होता. भाऊ येईपर्यंत थांबण्याचा धीर झाला नाही, तसेच उठून आले. अपिलाची तारीख पुढल्या महिन्यात आहे. याहून मोठे साधन कोणते, हे यावेळी त्यांनी विचारलेले नाही. भाऊ पहाटे किती वाजता रानातून परततो, तेवढे त्यांनी लिहिले आहे.